हातखर्च

घडियाळी पोळात, खाखरेवाल्या रसिलाबेनच्या वरच्या खोलीत
मी चोपडे बांधते.
लाल कापड, पिवळट कागद, पाठीला पांढरा दोरा,
नवरात्र सरलं की रोज बावीस, पंचवीस.
मांडवीच्या पेढ्यांवर दिवाळीला जे पुजले जातात
त्यातले कितीतरी माझ्या मांडीवरून गेलेले.
त्यांचा शुभ, त्यांचा लाभ,
माझी खळ.

खळीत मोरचूद किती घालायचं हे मला कळतं.
कमी पडलं तर कसर लागते, जास्त झालं तर कापड हिरवं पडतं.
दोरा मेणातून दोनदा ओढायचा.
टोचा सरळ धरायचा, श्वास सोडताना.
हे सगळं येत होतं.

घरात मात्र शब्द एकच होता: हातखर्च.
यांची नोकरी रिफायनरीत, पगार एक तारखेला;
माझं ते, विरंगुळा.
सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या,
"रिकामी बसत नाही हो, हौस आहे तिला."
बोटाला पडलेलं घट्टं मी पदराखाली घ्यायची.

मग एका दुपारी रसिलाबेन वर आली,
पिठाचे हात तसेच,
पंचवीस चोपड्यांच्या चळतीकडे बघून म्हणाली,
"ने तारो चोपडो क्यां?"

मी हसले. ती हसली नाही.

त्या रात्री एक चोपडा ठेवून घेतला.
आधी हात गेला होता तिरक्या कापलेल्याकडे,
विकला न जाणाऱ्याकडे.
तो परत ठेवला. चांगला घेतला.

लिहिलं:
कागद अठ्ठेचाळीस.
कापड सतरा.
पुठ्ठा अकरा.
दोरा, मेण, खळ मिळून पाच.
एकूण एक्क्याऐंशी.
जयसुखभाई देतात पंच्याण्णव.
उरले चौदा, आणि घड्याळात
गेलेला पाऊण तास.

पुढची ओळ लिहायला वेळ लागला.
हात:
असं लिहून दोन टिंबांपुढे
पेन तसंच धरून बसले.
एकवीस वर्षं त्या जागी मी काही लिहिलंच नव्हतं.

हात साठ.
खोली नि दिवा नऊ.
नफा वीस. हा वेगळा, मजुरीत धरायचा नाही,
हे रसिलाबेननं तीनदा सांगितलं,
मला दोनदा पटलं नाही.
एकशे सत्तर.

जयसुखभाई म्हणाले, "भाभी, तुम्ही तर कलाकार,
तुमच्याशी काय भावताव करायचा?"
आणि शंभरची नोट काढली.
कौतुक किती स्वस्त पडतं त्यांना,
ते त्या दिवशी नोटेवर वाचलं.
मी नोट परत केली.
जिन्यावर त्यांच्या चपला वाजत राहिल्या,
माझे गुडघे त्याच्यापेक्षा जास्त.

त्या दिवाळीला पंचवीस नाही, रोज सात.
तेही लिहिलं. काळ्या शाईनं, खोडाखोड न करता.
सहाव्या पानावर तोटा आहे,
अकराव्यावर अलकापुरीच्या एका आर्किटेक्टची
चाळीस कोऱ्या वह्यांची मागणी,
बाराव्यावर त्यानं थकवलेले पैसे.
हे विचारतात, "जमतंय का?"
मी म्हणते, "पान बघा." अजून बघितलेलं नाही.

दारावर आता पाटी आहे:
अकरा ते सहा, मंगळवारी बंद.
पहिल्या मंगळवारी काय करावं सुचेना,
सुरसागरला दोन फेऱ्या मारल्या नि चारलाच परत आले.

लाभपंचमीला रसिलाबेन वर आली.
"एक चोपडो आप."
मी नुसताच पुढे केला.
तिनं घेतला नाही.
कनवटीचे पैसे मोजून ठेवले, एकशे सत्तर,
आणि म्हणाली, "बिल?"

बिलबुक होतं, नवं, मीच शिवलेलं.
एवढी वर्षं टोचा धरलेला हात
बिल नंबर एक लिहिताना हलला.
नाव घातलं, तारीख घातली, रक्कम अक्षरी.
ती घडी करून पोलक्यात खोचत म्हणाली,
"भाव जरा जास्तच आहे हं,"
आणि खाली खाखरे शेकायला गेली.